झोळीत टाकलेलं ‘बरं आहे’

माझ्याकडे टाकण्यासारखं काहीच नव्हतं, इथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

सप्त्याचा पहिला दिवस होता. बद्रीनाथ महाराजांचं कीर्तन असं रंगात आलं होतं की मृदंगवाल्याचं धोतर सुटायला आलं तरी त्याला भान नव्हतं. मी नेहमीप्रमाणे दुसऱ्या रांगेत, खांबाला टेकून. कीर्तनात कुठं बसावं याचंही एक शास्त्र आहे. पहिल्या रांगेत बसलं की महाराजांची नजर पडते, तिसऱ्या रांगेत बसलं की पोरांचे पाय लागतात. दुसरी रांग म्हणजे परमार्थही साधतो आणि पाठही.

तर महाराजांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याची झोळी केली आणि टाळकऱ्यांना गजर करायला सांगून थेट मंडपात उतरले.

"मला नारळ नको, शाल नको," महाराज म्हणाले. "आज शनिवार. येत्या शुक्रवारी काला. तोवर सात दिवसांसाठी प्रत्येकानं एक वाईट खोड माझ्या या झोळीत टाका. विठ्ठलाच्या पायावर वाहून टाकतो!"

काय ते दृश्य! बिड्यांची बंडलं पडली, पत्त्यांचे कॅट पडले. माझे शेजारी सर्जेराव यांनी डोळ्यांत पाणी आणून तंबाखूची चंची टाकली. (दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्याच्या चंचीतून मळून घेत होते. विचारलं तर म्हणाले, "मी चंची टाकली, तंबाखू कुठं टाकली?") हळूहळू झोळी माझ्यासमोर आली. महाराज थांबले. अख्खा मंडप बघू लागला.

आता मी आहे साधा पोस्टमास्तर. विडी नाही, तंबाखू नाही, पत्त्यांतलं मला बदामाची राणी कोण एवढंच कळतं. चहा आहे, पण चहा हे व्यसन आहे असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याच्याकडे जात नाही एवढंच. महाराज माझ्याकडे प्रेमानं बघत होते, गजर चढत होता आणि माझा हात रिकामा. त्या क्षणी मला जे सुचलं ते पांडुरंगानंच सुचवलं असं मी बरेच दिवस मानत होतो. आता त्याला यात ओढत नाही.

"महाराज," मी म्हणालो, "मी माझं खोटं ‘बरं आहे’ टाकतो."

गजर थांबला. महाराजांनी मला हाताला धरून कर्ण्यापुढे उभं केलं. "मास्तर काय म्हणतात ऐका हो!"

मग मी समजावून सांगितलं. आपण सकाळपासून खोटं बोलतो. कुणी म्हणतं, ‘कसं काय?’ आपण म्हणतो, ‘बरं आहे.’ पायाला कुरूप झालेलं असतं, रात्रभर पित्तानं झोप नसते, घरात अबोला असतो. तरी ‘बरं आहे’! तर आता काल्यापर्यंत मला कुणीही विचारलं, की मी जे खरं असेल तेच सांगीन.

"धन्य!" महाराज गरजले. माझ्या कपाळाला बुक्का लागला. मंडपानं टाळ्या वाजवल्या. माझ्या मागे बसलेला आमचा पोस्टमन वसंता मात्र हळूच म्हणाला, "मास्तर, चहा सोडला असता तर लई स्वस्तात सुटला असता."

घरी आल्यावर पत्नीनं, म्हणजे गिरिजाबाईंनी, तांब्या पुढं ठेवला आणि विचारलं, "आता तुम्ही लोकांला घरातलं बी सांगनार का?"

"विचारलं तर," मी म्हणालो.

तिनं तांब्या उचलून आत नेला. पाणी प्यायचं राहिलंच.

तिचा भाऊ चार दिवस राहायला येतो म्हणून आला होता त्याला त्या दिवशी बरोबर एकोणीस दिवस झाले होते. मी त्याच्याबद्दल आजवर कुणाकडे अक्षर काढलं नव्हतं. पण रविवारी सकाळी पारावर सर्जेरावांनीच मोठ्यानं विचारलं, "काय मास्तर, घरी समदं ठीक?" आता माझा काय इलाज होता? मी सांगितलं. मेव्हणा उठतो किती वाजता, आंघोळीला पाणी किती घेतो, त्यावरून मी काय बोललो, त्यावर ती काय बोलली आणि मग कोण कुणाशी बोलेनासं झालं, हे सगळं क्रमवार सांगितलं. कीर्तनात आख्यान लावतात तसं. पारावर बावीस माणसं होती. मी सुरू केलं तेव्हा सहा होती.

दुपारी मेव्हणा मिळेल त्या पहिल्या एसटीनं गेला. एका अर्थी व्रताला फळ आलं. पण गिरिजाबाईंनी माझं ताट वाढून समोर ठेवलं ते भिंतीकडे तोंड करून.

"अगं, मी खरं तेच सांगितलं."

"खरं होतं म्हनूनच लागलं ना," ती भिंतीला म्हणाली.

सोमवारी पोस्ट उघडलं. आमचं पोस्ट म्हणजे एक खोली, एक खिडकी, मी आणि वसंता. खिडकीवर येणारा प्रत्येक माणूस कार्ड मागायच्या आधी ‘कसं काय मास्तर?’ म्हणतोच. हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं, कारण ऐकून ऐकून कान तिथं बधिर झालेले असतात. आता प्रत्येकाला सांगावं लागत होतं. डाव्या पायाचं कुरूप, वहाण कुठं घासते, त्यावर बिब्ब्याचा उपाय कुणी सांगितला आणि त्यानं कसं वाढलं. पित्त. अबोला. साडेअकराला रांग पोस्टाच्या पायरीवरून मारुतीच्या ओट्यापर्यंत गेली.

"मास्तर," वसंता म्हणाला, "बोला तुम्ही, बिलकुल बोला. पन शिक्का मारता मारता बोला. थैली चारच्या गाडीनं जायाची हाय."

आणि गाव काय गप्प बसणार? मारवाड्याच्या दुकानातून, हॉटेलातून, न्हाव्याकडून उपाय यायला लागले. कुरपावर एकानं कांदा बांधायला सांगितला, एकानं खडूची पूड. पित्तावर सतरा औषधं. अबोल्यावर एकच, पण ते सगळ्यांनी सांगितलं: "लुगडं घ्या." रांगेतला प्रत्येक माणूस आपलंही सांगू लागला. कारण मी एवढं मोकळं बोलल्यावर त्याला नुसतं कार्ड घेऊन जाणं बरं दिसेना. दुपारी दोन वाजता माझ्या खिडकीपुढे चार माणसं बसून आपापल्या सांध्यांबद्दल बोलत होती आणि तिकीट कुणालाच नको होतं.

मंगळवारी सर्जेराव आले आणि खिडकीतून एक जाड लिफाफा आत सारला. "रजिस्टर करा. वरच्या साहेबाला."

मी पत्ता वाचला. मग मजकुराचा अंदाज आला. "सर्जेराव, ही माझी तक्रार आहे का?"

"तुमच्याच भल्याची हाय," ते म्हणाले. "तुमची जबान कुनीतरी बंद केली पाहिजे. शेजारी म्हनून माझं कर्तव्य न्हाई का?"

मी स्वतःविरुद्धची तक्रार वजन केली, तिकीट लावलं, नोंदवली, शिक्का मारला आणि पावती दिली. शिक्का जरा जोरात बसला असेल. पावती घेऊन सर्जेराव वळले आणि सवयीनं म्हणाले, "बराय मग मास्तर, मजेत ना?" आणि आपल्याच तोंडावर हात मारून धूम पळाले. (ती तक्रार पुढं ‘चौकशी करून अहवाल द्यावा’ असा शेरा मारून माझ्याकडंच परत आली. मी चौकशी केली. तथ्य आढळलं.)

पण हे सगळं परवडलं असतं. खरं प्रकरण सोमवारीच, चारच्या गाडीच्या आधी होऊन गेलं होतं. ते मी मुद्दाम मागं ठेवलं, कारण लिहायला हात उचलत नाही.

चतुराबाई आमच्या गावची. साठीची, काटक. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक पोरगा कडूबा, औरंगाबादला मामाकडं राहून एका गिरणीत बदली कामगार. दर पंधरा दिवसांनी ती कार्ड लिहून घ्यायला माझ्याकडे यायची. त्या दिवशी आली ती उजवा हात गळ्यात बांधून. वैदूनं बांबूच्या कामट्या लावल्या होत्या.

मी विचारायच्या आत तिनंच सुरुवात केली. "लिव्हा मास्तर. चिरंजीव कडूबास आईचा आशीर्वाद. म्हनावं, मी इकडं खुशाल हाय, तुजी खुशाली कळव."

मी टाक खाली ठेवला. "चतुराबाई, हात मोडलाय तुमचा."

"हात मोडलाय. मी न्हाई मोडले."

"पण खुशाल कसं लिहू?"

"मंग काय लिवता? पैल्या तारखेला त्येला परमनंट करून राह्यले. साहेबानं सांगितलंय, तवर एक बी खाडा न्हाई चालनार. न्हाईतर नाव कट. पाच वर्सं झाली बदलीवर. हाताचं कळलं तर पोरगं पळत येतंय का न्हाई? तुमीच सांगा."

मी टाक परत उचलला. मी तिनं सांगितलं तसं लिहिलं. ते तिचं बोलणं. तिच्या तोंडची खुशाली. पण आपल्याकडे कार्ड लिहिणारा खाली आपलं नाव घालतो: ‘लिहिणार भुजंगराव यांचा नमस्कार.’ माझं नाव आलं, म्हणजे माझा शब्द आला. आणि माझा शब्द तर झोळीत होता.

मी तिला बसवलं आणि तसाच लंगडत देवळात गेलो. महाराज फराळाचं खात होते. म्हटलं, "महाराज, ते व्रत बोलण्यापुरतंच, की लिहिण्यालाही?"

महाराजांच्या तोंडात साबुदाणा होता. त्यांनी एक हात वर केला. आशीर्वाद होता की ‘थांबा’ म्हणत होते, कोण जाणे. मी आशीर्वाद समजलो.

परत येऊन नावाखाली दोन ओळी वाढवल्या. अगदी मऊ, कापसात गुंडाळून. ‘ता.क. आईच्या हाताला जरा लागले आहे. काळजी करू नये. काम सोडून येण्याचे कारण नाही.’ खरं ते सांगितलं, आणि पोरगं येऊ नये याचीही तजवीज केली. परमार्थ आणि व्यवहार एका कार्डावर. चतुराबाईला वाचता येत नव्हतं. तिनं डाव्या हाताचा अंगठा उठवला आणि "देव तुमचं भलं करो" म्हणून गेली. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की पुढच्या माणसाला कुरपाबद्दल थोडक्यात सांगितलं.

गुरुवारी सकाळी नऊच्या गाडीला बसस्टँडवर रडण्याचा आवाज उठला.

आमच्याकडे गाव लहान. रडणं ऐकू आलं की बाया हातातलं टाकून निघतात. आधी जाऊन गळ्यात पडायचं, रडू लागायचं. कोण गेलं ते मागाहून विचारायचं. आधी विचारत बसणं म्हणजे हिशेब करून रडल्यासारखं. चतुराबाई यात पहिली. मोडका हात सांभाळत ती गल्लीतून धावली, गाडीतून उतरलेल्या बाईच्या गळ्यात एका हातानं पडली आणि आभाळ फाटावं असा सूर लावला. ती बाई म्हणजे तिची सख्खी भावजय. तिचे डोळे पदराआड होते. दोघी एकमेकींना धरून चांगल्या घटकाभर रडल्या. मग चतुराबाईनं नाक पुसून विचारलं, "कोन गेलं गं माय?"

भावजयीनं पदर काढला आणि किंचाळून ती खाली बसली.

मागून चतुराबाईचा भाऊ भिवा उतरला. त्याच्या मागून कडूबा. डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेला.

"अरं, डोस्कं कशापायी काढलंस?" चतुराबाई घाबरून ओरडली. "कोन गेलं रे?"

कडूबा तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "तूच."

एवढं बोलून तो बाप्या माणूस भर स्टँडवर तिच्या पायाशी बसला आणि खरंखुरं रडायला लागला. तिनं डाव्या हातानं त्याच्या गोट्यावरून हात फिरवला. "गरम लागून राह्यलं रे डोस्कं. उन्हात बसू नको."

लोक जमले होते. मीही पोस्टाची खिडकी उघडी टाकून आलो होतो. भिवानं खिशातून माझं कार्ड काढलं आणि कोर्टात पुरावा धरतात तसं वर धरलं.

"हे कुनी लिवलं?"

"मी," मी म्हणालो. "पण त्यात काय वाईट आहे? हाताला जरा लागलंय, असं तर लिहिलंय!"

"मास्तर," भिवा म्हणाला, "तुमी पोस्टात वर्सानुवर्सं बसता, अन् तुमाला पत्र वाचता येत न्हाई? हिचं आजवर कवा ‘खुशाल’शिवाय कार्ड आल्तं का? दुष्काळात खुशाल, विहिरीत पडली तवा खुशाल, विंचू चावला तवा खुशाल. मंग ‘जरा लागलं’ म्हंजी किती लागलं आसंल? अन् मंग लिव्हलंय ‘काळजी करू नये’. काळजी करू नये कवा लिवतात?"

मी कार्डाकडे हात केला, त्यानं दिलं नाही.

"अन् हे बघा! ‘येन्याचं कारन न्हाई’." त्यानं कार्डावर बोट ठोकलं. "म्हंजी माती दिऊन मोकळे झाले, आता येऊन काय उपेग, आसंच ना? आमी तवाच हंबरडा फोडला."

जमलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. "बराबर हाय," सर्जेराव म्हणाले. "मी पन मेलीच समजलो असतो." आणि खरं सांगतो, ते कार्ड मी भिवाच्या हातात परत वाचलं तेव्हा मलाही चतुराबाई मेल्यासारखीच वाटली.

सगळं गाव एक खोटा तराजू वापरत होतं, पण सगळ्यांकडे तोच तराजू होता. म्हणून माप बरोबर पडत होतं. मधेच मी एकटा खरं वजन घेऊन गेलो.

पण बोलण्याची ती वेळ नव्हती, कारण कडूबा डोळे पुसून म्हणाला, "आई, तू हायेस ते लई झालं. पन माझं काम गेलं."

मग कळलं. गिरणीतल्या साहेबानं रजा दिली होती ती आई वारली म्हणून. दोन दिवस. शनिवारी हजर होताना मयताचा दाखला आणायचा. दाखला नाही तर तो खाडा, आणि वर खोटं बोलून रजा घेतल्याचा ठपका. म्हणजे परमनंट सोडाच, गेटच बंद.

आम्ही सगळी वरात ग्रामसेवक साहेबरावांकडे नेली. साहेबराव कायद्याचे पक्के. वहीला धूळ बसू देतात पण चूक बसू देत नाहीत. त्यांनी चतुराबाईकडे वरून खाली पाहिलं.

"मयताचा देता येनार न्हाई. बाई समोर उभी हाय."

"मग ती जिवंत असल्याचा द्या," मी म्हणालो. "म्हणजे चूक झाली हे साहेबाला पटेल."

"पेन्शनवाली हाय का?"

"नाही."

"मंग ती जिवंत हाय याच्याशी सरकारचा काय संबंध?" साहेबराव म्हणाले. "तसा नमुनाच छापून येत न्हाई."

सर्जेरावांनी आवाज खाली आणला. "मी म्हन्तो, मयताचाच घेऊन टाका की. आज ना उद्या लागनारच हाय. पुन्हा हेलपाटा नको."

कुणी हसलं नाही, कारण चतुराबाई पुढं सरकली होती. "घ्या ना लिवून, दादा. मी काय, मेल्यावानी घरात बसून ऱ्हाईन. पोराचं काम व्हऊ द्या जल्दी." आणि अंगठा उठवायला तिनं डावा हात पुढं केला.

त्या अंगठ्याला सोमवारची माझ्या पोस्टाची शाई अजून होती.

मी आयुष्यात फार मोठ्यानं बोललेला माणूस नाही. त्या दिवशी बोललो. "दाखला नको. चूक माझी आहे. उद्या मी कडूबाबरोबर जातो आणि साहेबाला सगळं सांगतो."

"उद्या काला हाय, मास्तर," वसंता म्हणाला.

मला माहीत होतं. वर्षभर मी त्या एका सकाळसाठी जगतो. काल्याचं कीर्तन, फुटणारी हंडी, तळहातावर पडणारे दहीलाह्यांचे गोळे. आणि या वेळी तर झोळीत खोड टाकलेल्या सगळ्यांना महाराज पुढं बोलावून माळ घालणार होते. मी घरी आलो. गिरिजाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी काही न बोलता आकस्मिक रजेचा अर्ज लिहायला बसलो. मागून तिचा आवाज आला, "दशम्या किती देऊ बांधून? दोघांच्या का?" चार दिवसांतलं पहिलं वाक्य. मी वळून बघितलं नाही. न जाणो, ती परत भिंतीकडे वळायची.

शुक्रवारी पहाटेची गाडी धरली. जालन्याच्या अलीकडे तिचं चाक बसलं. दीड तास आम्ही बाभळीखाली. कुरूप ठणकत होतं. गावात या वेळेला हंडी बांधली असेल, आता महाराज उभे राहिले असतील, असं मी घड्याळात बघत होतो आणि कडूबा टोपीखाली हात घालून गोटा खाजवत होता. दशमीबरोबरच्या ठेच्यानं पित्त वर आलं. औरंगाबादला उतरलो तेव्हा माझ्या आतबाहेर ‘बरं’ म्हणावं असं काहीही शिल्लक नव्हतं.

गिरणीच्या ऑफिसात साहेब टेबलामागं बसले होते. चेहऱ्याची एक बाजू वांग्यासारखी सुजलेली, मफलरनं दाढ बांधलेली, पुढं फायलींचा ढीग. कडूबा दारातच हात जोडून थिजला. साहेबांनी मान वर केली, माझ्या कपाळाचा बुक्का पाहिला, आणि समोरच्या खुर्चीकडे हात करून दाढेच्या अल्याडून म्हणाले, "या, बसा. कसं काय?"

झालं. मी तोंड उघडलं. सात दिवसांची सवय. कुरूप, पित्त, एसटी, तक्रार, काला, सगळं ओळीनं जिभेवर येऊन उभं राहिलं. पाव तासाचं आख्यान होतं. आणि मला दिसलं की साहेबांचा हात दाढेवर आहे आणि कडूबा हात जोडून अजून दारातच उभा आहे.

हा माणूस मला काही विचारत नव्हता हो. दाढ ठणकत असताना त्यानं माझ्यासाठी खुर्ची पुढं सरकवली होती. शब्दांनीही तेवढंच केलं होतं. पाहुण्याला पाट दिला तर पाहुण्यानं बसावं. त्या पाटाचं लाकूड कुठलं, खिळे किती, हे मोजत बसू नये. मी गेले सात दिवस गावातला प्रत्येक पाट उलटा करून बघत होतो.

मनात म्हटलं, पांडुरंगा, झोळीतलं आज काढून घेतोय. रागावू नकोस.

"बरं आहे," मी म्हणालो आणि बसलो. "आपलं?"

"बरं आहे," साहेब म्हणाले. दाढेतून कळ आली तशी त्यांचा एक डोळा मिटला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यांना माझा वहाण काढून ठेवलेला पाय दिसत होता, मला त्यांची दाढ. दोघांनाही दोघांचं कळलं होतं, आणि कुणाला काही सांगावं लागलं नाही.

मग मी कामाचं सांगितलं. फक्त कामाचं. कार्ड टेबलावर ठेवलं, माझ्या दोन ओळी दाखवल्या, भिवानं लावलेला अर्थ सांगितला, स्टँडवरचं रडणं सांगितलं. ‘कोन गेलं गं माय’पाशी साहेब हसले आणि लगेच दाढ धरून "आई गं" म्हणाले. पुन्हा हसले, पुन्हा "आई गं". मयताच्या दाखल्यासाठी चतुराबाईनं अंगठा पुढं केला, ते सांगितलं तेव्हा मात्र हसले नाहीत. कार्ड उचलून त्यांनी पुन्हा वाचलं.

"माझीही आई असंच लिहायची," ते म्हणाले.

मग त्यांनी घंटी मारली. टाइमकीपर रजेचं रजिस्टर घेऊन आला. जाड चष्म्याचा, कानावर पेन्सिल ठेवलेला गृहस्थ.

"याचे दोन दिवस रजेत धरा. खाडा नाही. आणि पहिल्या तारखेच्या यादीत नाव राहू द्या."

कडूबानं वाकून उंबऱ्याला हात लावला. टाइमकीपरनं आधीची नोंद वाचली. "साहेब, इथं कारण ‘आई मयत’ लिहिलंय."

"ते खोडा."

त्यानं खोडलं. पट्टी लावून, दोनदा. "मग कारण काय लिहू?"

"लिहा, आई बरी आहे."

टाइमकीपरनं चष्मा वर केला. "आई बरी आहे म्हणून रजा? साहेब, वर तपासणीत विचारतील."

"विचारू द्या," साहेब दाढ धरून म्हणाले. "आई बरी आहे हे कळल्यावर माणसानं दोन दिवस तिच्यापाशी बसू नये काय?"

टाइमकीपरनं पेन्सिल परत कानावर ठेवली, दौतीत टाक बुडवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं. माहिती देणारा म्हणून माझी सही घेतली. मी नोंद उलट्या बाजूनं वाचली, मग सुलट्या बाजूनं, आणि मगच खाली नाव घातलं; लिहिणारा मी नव्हतो, तरी या वेळी मजकुरात वाढवण्यासारखं मला काही दिसलं नाही.